कासेत भरलेली हवा

लग्नात वडिलांनी मला एक तांबडी कालवड आंदण दिली. भांडी दिली ती सासरच्या चुलीची झाली, पाटल्या दिल्या त्या आत्याबाईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, पेटीत गेल्या. कालवड मात्र माझीच राहिली, कारण मी तसं सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. आमचा मळा मंगरूळपीरपासून कोसभर. वांगी, मिरची, मेथी पिकवायचो, आणि बाजाराच्या दिवशी टोपली घेऊन मी पेठेत बसायची.

तिसऱ्या वेताला ती गाय अशी दुधाला आली की आसपास कुणाच्या गोठ्यात तेवढं दूध नव्हतं. सकाळी व्याली. आत्याबाई चरवी घेऊन बसल्या आणि त्यांनी कास पार निपटून काढली. चरवी भरली, वर पातेल्यासारखा एक गंज भरला. आळीभर चीक वाटला. संध्याकाळी पुन्हा तसंच. मलाही अभिमानच वाटला, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे मागचे पाय लटपटत होते. वैरणीला तोंड लावेना. सूर्य कासराभर वर येईतो ती खाली बसली, ती उठेचना. मान वळवून तिनं तोंड कुशीला टेकवलं. मी मान सरळ करायची, ती पुन्हा तिकडेच वळायची. कान हातात घेतले तर गार. नाक कोरडं. डोळे उघडे, पण त्यांत ओळख नाही.

मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, गावातल्या जाणत्याला बोलावलं. त्यानं गायीभोवती एक फेरी मारली आणि निकाल दिला.

"वारं शिरलं अंगात. डाग द्या लागते. विळा ठेवा विस्तवात. अन् पावशेर तेल पाजा."

हे सगळं मी आधी पाहिलं होतं. दोन वर्षांपूर्वी शेजारची गाय व्याल्यावर अशीच बसली होती. बांबूच्या नळकांड्यातून तिच्या घशात तेल ओतलं, तर तिला गिळताच येईना. तेल नाकातून बाहेर आलं, ती घुरघुरली. मग अंगावर पाच डाग दिले. दुपारपर्यंत ती मेली.

"माह्या गायीले डाग नाई द्याचा," मी म्हणाले. लग्नाला आठ वर्षं झाली होती. मामाजींशी मी इतक्या मोठ्यानं कधी बोलले नव्हते.

"मंग काय पूजा करतं तिची?"

"पेठेतल्या सायकलवाल्या चाचाले बोलावून आणीन."

"सायकलवाला गायीचं काय करन?" मामाजी म्हणाले, आणि जमलेली माणसं हसली.

चाचाचं सायकल दुरुस्तीचं दुकान दर्ग्याच्या वाटेवर होतं. बाजाराच्या दिवशी माझी टोपली त्याच्या दुकानाशेजारी असायची. तरुणपणी तो जबलपूरच्या छावणीत, गोऱ्या पलटणीसाठी पाळलेल्या गायींच्या गोठ्यात कामाला होता. गिऱ्हाईक नसलं की तिथल्या गोष्टी सांगायचा. तिथल्या भारी दुधाच्या गायी व्याल्या की अशाच थंड पडायच्या, आणि साहेब त्यांच्या कासेत हवा भरायचा. तेव्हा मीही हसले होते. आता दुसरं काहीच डोळ्यांपुढं नव्हतं. गुरांचा सरकारी डॉक्टर बुळकांडीची लस टोचत गावोगाव फिरत होता, तो कुठं सापडेल याचा नेम नव्हता.

नवऱ्याला मी गायीजवळ बसवलं. "मी येईपर्यंत कोणाले हात लावू देऊ नका." त्यानं मान डोलावली. मी निघाले.

चाचानं एवढंच विचारलं, "कान थंडे हायेत? मान कुशीकडं पलटते?"

"व्हय."

"बेहोश झाली का?"

"नाई. पण ओळखत नाई."

त्यानं पंप घेतला, थोडा कापूस घेतला, आणि लोखंडी पेटीच्या तळातून चिंधीत गुंडाळलेली एक बारीक पितळी नळी काढली. मी म्हटलं, तुमी सायकलवर पुढं जा. तो म्हणाला, "तुह्या बिगर मले गोठ्यात कोण जाऊ दिन, बेटा?" मग सायकल हातात धरून तो माझ्याबरोबर झपाझपा चालत आला.

मळ्याच्या कुंपणाशीच जळक्या कातड्याचा वास आला. गायीच्या उजव्या कुशीवर दोन डाग होते. नवरा खाली मान घालून बसला होता.

"बाप हाये थो माहा," तो म्हणाला. "म्या काय करू?"

तेल तेवढं त्यानं पाजू दिलं नव्हतं. नळकांडं दूर फेकलेलं दिसलं.

चाचानं वहाणा बाहेर काढल्या. मामाजी गोठ्याच्या दारात आडवे आले. "कासेत वारं भरतं? पाप लागन."

"लागलं तं मले लागन," मी म्हणाले. "गाय माही हाये. सरका."

ते सरकले. का सरकले ते मला आजही कळलेलं नाही.

भुश्याची दोन पोती छातीला टेकवून आम्ही गायीला नीट बसती केली. मी चुलीवर नळी उकळून आणली. चाचानं चारही सड साबणानं धुतले. पंपाच्या तोंडात कापूस घातला, म्हणजे हवेबरोबर घाण आत जाणार नाही. मग पंपाला जोडून नळी हळूच एका सडात सरकवली आणि मला म्हणाला, "मार, पण सबुरीनं." मी पंप मारत होते, तो कासेवर टिचकी मारून कान देत होता. कास फुगून ढोलकीसारखी बोलायला लागली की तो हात वर करायचा. मग जुन्या लुगड्याची रुंद पट्टी तो सडाला बांधायचा, आवळून नाही, हवा जाणार नाही इतपतच. असे चारही सड झाले. कुंपणापलीकडून कुणीतरी म्हणालं, "आता घंटी बी लावा हिले." मी पंप मारतच राहिले.

नंतर वाट पाहण्यापलीकडं काही नव्हतं. मी तिच्या कानांवरचा हात काढला नाही. बऱ्याच वेळानं कान कोमट लागले. मला वाटलं माझ्याच हाताची ऊब आहे, म्हणून मी दुसरा कान धरला. तोही कोमट. मग तिनं ढेकर दिला, शेण टाकलं, मान आपली आपण सरळ केली. आणि मागचे पाय आधी उचलत, धडपडत ती उभी राहिली. हंबरली ती थेट वासराकडं तोंड करून. मी पहिल्यांदा रडले ते तेव्हा.

चाचानं पट्ट्या सोडल्या. "दोन-तीन दिन पूरं दूध नोको काढू. वासरापुरतं काढ. कास भरेल राह्यली तं नवं दूध जोरानं उतरत नाई, अन् गायीची ताकद गायीपाशी राह्यते."

"डाग बसला म्हनून उठली," मामाजी म्हणाले. मरेपर्यंत ते हेच म्हणत राहिले. गाय एका दुपारीत बरी झाली. डागांच्या जखमा भरायला दीड महिना लागला. त्या रोज कडूनिंबाच्या पाण्यानं धुवायचं काम नवऱ्यानं न सांगता घेतलं. मी त्याला कधी शाबासकी दिली नाही.

पुढच्या वेताला चरवी मी माझ्याकडंच ठेवली. आत्याबाई दारात उभ्या.

"लोक काय म्हनतीन? एवढी दुधाची गाय, अन् चीक नाई वाटला?"

"म्हणू द्या."

दोन दिवस मी वासरापुरतंच दूध काढलं. आळी रुसली. एका बाईनं मला तोंडावर चिक्कू म्हटलं. गाय बसली नाही, आणि या खेपेला डागही नव्हता. तरी कुणी काही कबूल केलं नाही.

हळूहळू लोक बोलवायला मात्र लागले. मी आणि चाचा जायचो. बऱ्याच गायी उठल्या. एक मेली, आम्ही पोचलो तेव्हा तिच्या घशात आधीच तेल गेलं होतं. हवेनं मारली असं गावभर झालं. पुढच्या महिन्यात दुसरं बोलावणं आलं, तेव्हाही मी गेले.

चाचा गेल्यावर काही वर्षांनी, दुसऱ्या मोठ्या लढाईच्या अखेरीस, एक तरुण डॉक्टर औषधाची बाटली घेऊन आमच्या गावात आला. खालच्या आळीत एक गाय अशीच पडली होती. त्यानं मानेच्या शिरेत सुई घातली. डोकं धरायला पुरुष पुढं होईनात, म्हणून शिंगं मी धरली. बाटली संपता संपता गायीचं अंग थरथरलं आणि थोड्या वेळानं ती उठली.

मी विचारलं, "यात काय हाये?"

"एक प्रकारचा चुनाच," तो म्हणाला. "व्याल्यावर दूध एकदम उतरतं, आणि रक्तातला चुना त्याच्याबरोबर जातो. हाडांत पुष्कळ असतो, पण तो इतक्या लवकर निघत नाही. म्हणून गाय थंड पडते."

"मंग कास भरेल ठेवली तं?"

"तर दूध कमी उतरतं, चुना कमी जातो. ही जुनी रीत आहे. तुम्हाला कुणी सांगितली?"

"सायकलवाल्यानं," मी म्हणाले.

तो हसला. मी हसले नाही. त्यानं जे आत्ता सांगितलं ते मी त्याला पुन्हा एकदा, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायला लावलं. त्यानं सांगितलं. मग हात धुऊन मी वांग्यांना पाणी द्यायला मळ्याकडं निघाले.