बाभळीला टांगलेली पर्स

आई आयुष्यभर सगळं कनवटीला लावत आली. घराची किल्ली, मिश्रीची डबी आणि अलीकडं मोबाईलसुद्धा. कमरेपाशी लुगड्याला पीळ द्यायचा, त्यात वस्तू खोचायची, की झालं. पण गवत कापताना मोबाईल निसटायचा, मग तो शोधायला अख्खं घर बांधावर. शेवटी वैतागून मी आळेफाट्यावरून तिला गळ्यात अडकवायची पर्स आणली.

"मला काय कालेजात जायाचंय व्हय?" ती म्हणाली.

"फोन अंगावरच राहिला पायजे," मी दटावलं. तिनं मान डोलावली. आमची आई मान डोलावते आणि तिला हवं तेच करते.

त्या दिवशी दुपार कलल्यावर मी फाट्यावरच्या गॅरेजात कामावर होतो. शेजाऱ्याचा फोन आला, "भाऊ, तुमच्या उसात बिबट्या शिरलाय. म्हातारी कुठाय?"

आई त्याच उसाच्या कडेला गवताला गेली होती. मी तिला फोन लावला. नुसता वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. आमच्या गावापर्यंत, पिंपरी पेंढारपर्यंत, गाडी कशी हाणली ते आठवत नाही. एका हातात हँडल, दुसऱ्यात फोन आणि तोंडात शिव्या. मला भीती वाटली की आधी रागच येतो.

बांधावर पोचलो तर बाभळीच्या फांदीला भाकरीचं गठुडं टांगलेलं आणि शेजारी पर्स. मुंग्या लागू नयेत म्हणून भाकरी टांगतात. नवी वस्तू मळू नये म्हणून हिनं पर्सही टांगली होती. आत फोन वाजत होता, मीच लावलेला. खाली अर्धवट कापलेलं गवत पडलं होतं. मी हातातला फोन खिशात कोंबला. मी "आये!" म्हणून जीव खाऊन ओरडलो.

विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीचं दार किलकिलं झालं. आईचा हात बाहेर आला आणि घाईघाईनं बोलावू लागला. पोचताच तिनं मला शर्टाला धरून आत ओढलं आणि दाराला पाठ लावली. दाराची कडी तुटलेली होती.

"फोन का उचलत नव्हतीस?" मी कुजबुजत का होईना, भांडलोच.

"गप. त्यो माझ्याम्होरं उसाच्या सरीत बसला व्हता. मी हालत नव्हते. तेवढ्यात बाभळीवर फोन वाजाया लागला. त्यानं कान टवकारलं आन् उठून तिकडं निघाला. तवा मी मागं सरकत सरकत हितं आले."

बाभळीकडं. म्हणजे मी आत्ता उभा राहून ओरडत होतो तिथं. आणि फोन माझ्या सांगण्याप्रमाणं तिच्या गळ्यात असता तर? पुढचं मला मनातही पुरं करता येईना.

बाहेर उसाचं वाळलेलं पाचट मोडल्याचा आवाज आला, दाराच्या अगदी जवळ. वारा नव्हता.

आणि माझ्या पँटच्या खिशात फोन वाजला. घरून बायको काळजीनं करत असणार. घट्ट खिसा, घामेजलेली बोटं, तो काही निघेना. आईच्या जागी दार मी पाठीनं रेटून धरलं. आईनं पदराचा बोळा केला आणि दोन्ही हातांनी माझ्या खिशावर गच्च दाबला. फोन मांडीशी थरथरत राहिला.

तो बंद झाला. बऱ्याच वेळानं पाचटाचा आवाज लांब गेला.

"म्हनून म्हनते, काय बी सारखं अंगाला बांधून ठिवायचं न्हाई," आई म्हणाली. माझा खिसा तिनं अजून सोडला नव्हता.