वस्तरा मिळाला, मिशी गेली

जुने वस्तरे जमवायचा नाद मला दोन वर्षांपूर्वी लागला, आणि तेव्हापासून या सहलीपर्यंत मी दाढी केली नव्हती. हसू नका, आमच्या ऑनलाइन गटात सगळे असेच. पोलाद, धार, शिंगाची मूठ यावर दिवसभर वाद, आणि फोटोत पाहाल तर एकेकाची दाढी छातीपर्यंत. त्यातल्या एका दीडशहाण्यानं त्याच्या जर्मन वस्तऱ्याचा फोटो टाकला आणि मला अन्न गोड लागेना. संभाजीनगरच्या जुन्या बाजारात असा माल निघतो हे ऐकून होतो. शनिवारी सकाळी जालन्याहून मोटरसायकल काढली.

निघताना अण्णा, म्हणजे माझे वडील, ओट्यावर बसलेले. त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन नुकतंच झालंय. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं, यांना कसलाही धक्का बसता कामा नये. "संध्याकाळच्या आत ये बाबा," अण्णा म्हणाले, "एकट्याला करमत नाय."

रस्ता चांगला आहे, पण शेंद्र्याजवळ कंपन्यांची पाळी सुटायच्या वेळेला सापडू नका. बसगाड्या अंगावर येतात. गाडी औरंगपुऱ्याच्या बाहेरच लावा आणि आत पायी फिरा. जुन्या वस्तूंची दुकानं अकराच्या आत उघडत नाहीत.

पहिल्या दुकानात वस्तरा निघाला. "निजाम के टाइम का है साब." शेजारचा ग्रामोफोनही निजामाचाच. दुसऱ्या दुकानातला वस्तरा निजामाच्या खास न्हाव्याचा. तिसऱ्यातला खुद्द निजामाचा, त्यावर गंजही होता. बोट लावलं तर गंज बोटाला आला आणि खाली पातं नवंकोरं! हा गडी राज्य कधी करायचा कोण जाणे, दिवसभर दाढीच करत असणार. तुम्ही जाल तेव्हा एक ओलं फडकं सोबत ठेवा.

दुपारी नान-खलिया खाल्ला, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा. झकास. दाढीवाल्यांनी मात्र खाली वाकून खावा, रस्सा दाढीत उतरतो.

शेवटी एका बोळात सलीमभाईंचं दुकान सापडलं. साठीचा माणूस, तोंडात पान, निजामाचं नाव नाही. त्यांनी फडक्यातून एक वस्तरा काढला. काळ्या शिंगाची मूठ, पात्यावर जर्मन कारखान्याचा शिक्का. माझा जीव त्यातच अडकला.

"कितीला?"

"दाम बाद में. पैले कुर्सी पे बैठो."

"कशाला?"

"हमारा उसूल है मियाँ. चला के दिखाए बगैर उस्तरा नै बेचते. बाद में लोगां आके बोलते, धार नैच थी."

"पण माझी दाढी..."

"हौ, देख रहा मैं. लई माल है. बैठो."

मी विचार केला, दाढी काय, परत येईल. पण मिशीचं तसं नाही. बाप जिवंत असताना मुलानं मिशी काढायची नसते. बाप गेल्यावरच ती उतरते, आणि ती उतरलेली पाहिली की लोक न विचारता समजतात. मी तसा विज्ञान मानणारा माणूस आहे, पण अण्णांच्या बाबतीत नाही. सलीमभाईंना तसं सांगितलं. ते म्हणाले, "मालूम है. मूंछ को हात नै लगाता."

दाढी सुंदर उतरली. वस्तरा लोण्यातून फिरावा तसा फिरत होता. सलीमभाई ओठाच्या कडेला आले आणि खिशात फोन वाजला. अण्णांचा.

"जेवलास का रे?"

आता फोनवर बोलताना मान हलवायची आपल्या लोकांची खोड. "व्हय," म्हणत मी जोरात मान डोलावली.

"या अल्ला!" सलीमभाई ओरडले. अर्धी मिशी माझ्या मांडीवर पडली होती. अर्ध्या मिशीनं जालन्याला कसं जाणार? दुसरी बाजूही उतरवावी लागली. सलीमभाईंनी स्वतःहून किंमत कमी केली, यावरून मी कसा दिसत होतो ते समजा.

परतताना वाटेत करमाडला चहाला थांबलो, ती दुसरी चूक. तिथं अण्णांचे जुने दोस्त गोविंदकाका बसलेले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, कप खाली ठेवला आणि येऊन मिठीच मारली.

"कवा गेला रं?"

"काका, अहो कोणी गेलं नाय!"

"व्हय व्हय. रडून घे लेकरा."

एका हातानं मला कवेत धरून दुसऱ्या हातानं त्यांनी आमच्या शेजाऱ्यांना फोनही लावला होता. मी फोन हिसकावेपर्यंत बातमी जालन्याला पोचली. मी अण्णांना फोन लावला, तर त्यांनी उचलला नाही. मग मी गाडी कशी हाणली ते मला आठवत नाही. मनात एकच होतं, एका वस्तऱ्यापायी मी बाप मारला.

गल्लीत ही गर्दी! माणसं सारत आत गेलो, तर अण्णा खुर्चीत बसून सगळ्यांना चहा पाजत होते. टेबलावर हार पडला होता.

"ये," अण्णा म्हणाले. "मंडळी मला पोचवायला आलीत. दार मीच उघडलं." मग त्यांनी माझं तोंड नीट निरखलं. "ही मोठी पंचाईत करून ठेवलीस. मी आता गेलो तर काढायला तुझ्याकडं मिशी कुठंय? ती येईस्तोवर मला थांबणं आलं."

सगळे खो खो हसले. मी न्हाणीघरात जाऊन मनसोक्त रडलो.

तर, सहल करावी का? जरूर करा. नान-खलियासाठी करा, सलीमभाईंसाठी करा. गटात मी वस्तऱ्याचा फोटो टाकला, सगळे जळले, आणि मग माझा चेहरा बघून मला गटातून काढलं. वस्तरा काचेच्या कपाटात ठेवायचा बेत होता, तो तसाच राहिला. अण्णा मधूनमधून विचारतात, "आली का रे मिशी?" मी म्हणतो, "नाय अजून." आणि रोज पहाटे, ते उठायच्या आत, न्हाणीघराचं दार लावून मी त्याच वस्तऱ्यानं ती काढून टाकतो.