भरलेल्या मशकीची चाल

जळगावच्या पिंप्राळ्यात रिक्षा स्टॉपसमोर फारुख पखाली यांचं सीट कव्हरचं दुकान आहे. मोटारसायकलचं फाटलेलं सीट सकाळी दिलं की दुपारी मिळतं, आणि मधल्या वेळात थांबलात तर गप्पा फुकट. वय एकसष्ट. पखाली हे आडनाव कुठून आलं, हे आता फारसं कुणी विचारत नाही. त्यांचे वडील धरणगावात मशकीतून पाणी वाहायचे. मशक म्हणजे बकऱ्याच्या अख्ख्या कातड्याची पिशवी. पाय बांधून टाकायचे, मानेच्या जागी तोंड. बाजारातली धूळ बसवायला, लग्नाच्या मांडवात सडा घालायला, घरोघरचे रांजण भरायला तीच. बाराव्या वर्षापासून फारुखही लहानशी मशक घेऊन वडिलांमागे हिंडले. मग नळ आले आणि बापलेकांनी सुई-दोऱ्याचं काम धरलं.

दोन वर्षांपूर्वी धुळ्याची माहेनूर त्यांचा पत्ता शोधत दुकानात आली. कॉलेजात इतिहास शिकवणारी, तिशीची मुलगी. करबलाच्या लढाईवर ती छोटा सिनेमा काढत होती. तिथे वेढ्यात अडकलेली पोरं तहानेनं तडफडत होती, तेव्हा त्यांचे चुलते हजरत अब्बास नदीवर पाणी आणायला गेले आणि परतताना बाणानं मशक फुटली, तेवढाच प्रसंग. आदर म्हणून चेहरा दाखवायचा नाही, फक्त पाठ दाखवायची, असं तिनं ठरवलं होतं. तिला हवी होती खरी मशक.

फारुखचाचांनी चाळीस वर्षांत मशक शिवली नव्हती. तरी ते लगेच हो म्हणाले. बाभळीची साल आणली, कातडं कमावलं, आठ दिवस घरात असा वास भरला की त्यांच्या बायकोनं, ताजबीनं, स्वयंपाक शेजारणीच्या ओट्यावर हलवला. मशकीच्या तोंडाला त्यांनी वडिलांच्या मशकीला होती तशी पितळी तोटी बसवली आणि चिंच लावून लख्ख घासली.

माहेनूरनं मशक हातात घेतली, पुष्कळ कौतुक केलं आणि तोटी काढायला सांगितली. तिनं वाचलेल्या जुन्या वर्णनांत कुठेच पितळी तोटीचा उल्लेख नव्हता. चाचा म्हणाले की त्यांच्या घराण्यात तोटीशिवाय मशक कुणी पाहिलेली नाही.

“चाचा, तुमच्या घराण्यातली मशक शंभर वर्षांपूर्वीची,” ती म्हणाली. “ही तेराशे वर्षांपूर्वीची आहे. तोटी नव्हतीच असं मी छातीठोक सांगत नाही. पण होती असं दाखवायला माझ्याकडे आधार नाही.”

त्या दिवशी चाचांनी मान खाली घालून नुसती सीटं शिवली. गिऱ्हाइकांनाही चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच तोटी कापली आणि तोंडाला साधी वादी आवळून बांधली. आपल्याला जे माहीत आहे ते धरणगावचं आहे, करबलाचं नाही, हे त्यांनी ताजबीला सांगितलं. तिनं फक्त विचारलं, कातडं आता घराबाहेर जाणार ना.

शूटिंग चोपड्याकडे, तापीच्या वाळूत होतं. चाचा मशक पोहोचवायला गेले आणि तिथेच राहिले. पाठ दाखवायचं काम योगेंद्र नावाच्या केळीवाल्या शेतकऱ्याच्या पोराकडे होतं. गडी उंच, रुंद खांद्याचा. पण मशकीत भरला होता फोम. योगेंद्र असा चालत होता, जणू बाजारातून उशी घेऊन निघालाय. चाचांना राहवेना. त्यांनी फोम उपसला, मशक तापीत बुडवून भरली आणि पट्टा त्याच्या खांद्यावर चढवला. पाचव्या पावलाला योगेंद्र वाळूत बसला. उठून म्हणाला, “पाठ वाकडी दिसेल ना. हिरो ताठ पाहिजे.”

पाठीवरच्या सगळ्या पाण्याकडे बोट करत चाचा अहिराणीवर आले. “बठ्ठं पाणी पाठवर शे, मंग मान ताठ कशी ऱ्हाई?”

मग तीन दिवस शिकवणी चालली. पट्टा कुठे ठेवायचा, पाय कसा रोवायचा, पाणी डुचमळलं की अंग कसं सावरायचं. योगेंद्र गावात जिथे जाई तिथे भरलेली मशक नेई. चहावाल्याचा माठ, शाळेची टाकी, दोन गोठे त्यानं भरून दिले. चौथ्या दिवशी तो वाकून, पण न थांबता चालायला लागला.

शेवटचा प्रसंग आला तेव्हा कॅमेरावाल्या नवलनं एक छोटा पंप आणला होता. बाण लागला की मशकीतून कारंजं उडणार होतं. चाचांनी माहेनूरला बाजूला बोलावलं.

“बेटा, असं होत नाही,” ते म्हणाले. “मी तेरा वर्षांचा होतो. गर्दीत बैलगाडीचा खिळा माझ्या मशकीला लागला. मला आवाजही आला नाही. खूप पुढे गेल्यावर पाठ ओली लागली, तेव्हा कळलं. मी हातानं भोक दाबलं, पण दुसरीकडून गळायला लागलं. जिथं पाणी न्यायचं होतं ते घर समोर दिसत होतं.”

माहेनूरनं नवलला पंप बंद करायला सांगितला. बाण लागणं नक्की आहे, ते तसंच ठेवू, ती म्हणाली. पाणी कसं गेलं ते कुणी लिहिलेलं तिच्या वाचनात नाही, तिथं चाचांचं ऐकू.

तसंच झालं. बाण लागला, योगेंद्र चालत राहिला. सदऱ्यावर ओल उतरत गेली. मग त्याचा हात मागे गेला आणि भोक शोधू लागला. चाचा वाळूत उकिडवे बसले होते, ते तोंड फिरवून डोळे पुसत होते.

सिनेमा जळगावात एका कॉलेजच्या हॉलमध्ये दाखवला. सुरुवातीलाच पडद्यावर पाटी होती: मशकीचा आकार अंदाजानं ठरवला आहे, चाल फारुख पखाली यांनी शिकवली. चाचांना पाटीचा पहिला भाग जास्त आवडला. माहीत नाही ते माहीत नाही म्हणून लिहिलं, असं ते सगळ्यांना सांगत होते.

तेव्हापासून घरात टीव्हीवर कुठलाही जुन्या काळचा सिनेमा लागला की चाचा पुढे सरकून बसतात. बाईच्या डोक्यावरची घागर रिकामी आहे, पोतं भुशाचं आहे, पालखीत कुणीच बसलेलं नाही, असं मोठ्यानं सांगत जातात. ताजबीनं आता दुसऱ्या खोलीत स्वतःसाठी वेगळा टीव्ही लावून घेतलाय.