मसुऱ्याचा मेकॅनिक आणि थरथरणारी गाडी

सासूबाईंचं डायलिसिस सुरू झालं आणि आमची जुनी मोटार आठवड्यातून दोनदा ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात जायला लागली. नवरा जहाजावर, वर्षातले आठ महिने समुद्रात. त्यामुळे गाडी मीच चालवायची. त्या उन्हाळ्यात गाडीला एक खोड लागली. रस्त्यावर पळताना ती ठीक असायची. पण नाक्यावर किंवा एसटीच्या मागे थांबलं की इंजिन थरथरायचं, आवाज खाली खाली जायचा, आणि कधी कधी बंदच पडायचं. मागच्या सीटवर उशीला टेकलेल्या सासूबाई दाराची कडी घट्ट धरून बसायच्या. परतीला त्यांच्या अंगात त्राण नसायचं आणि त्यात हे हादरे.

मालवणात दाखवलं. तिथं प्लग बदलले, हवा आत जाते तो भाग साफ केला. दोन दिवस बरे गेले आणि पुन्हा तेच. एका गुरुवारी परतताना समोर म्हशी आल्या म्हणून थांबले, तर गाडी बंद पडली. तीनदा चालू केली, तीनदा विझली. शेवटी पाय ॲक्सिलरेटरवरून न काढता कशीबशी मसुऱ्यापर्यंत आणली.

तिथं रस्त्याकडेला, पत्र्याच्या शेडमध्ये, साठीतल्या एका मेकॅनिकचं गॅरेज होतं. एकेकाळी त्याचं नाव होतं. गाडी वळणावर दिसायच्या आधीच तो आवाजावरून तिचं दुखणं सांगतो, असं लोक म्हणत. त्या दुपारी मात्र शेडमध्ये एकही गाडी नव्हती.

त्याने बॉनेट उघडलं. सोबत आजारी माणूस आहे, किती वेळ लागेल, असं मी विचारलं. पेट्रोल आहे ना, मग झालं, असं काहीतरी तो म्हणाला. मी पुन्हा विचारलं, तर उत्तरच नाही. सकाळपासूनचा सगळा शीण माझ्या तोंडात आला. बघायचं नसेल तर तसं सांगा, आम्ही दुसरीकडे जातो, असं मी फटकन बोलले. तो इंजिनावर हात ठेवून तसाच वाकलेला.

मागून सासूबाईंनी मला खिडकीशी बोलावलं.

"तेका आयकाक येना नाय गो," त्या हळूच म्हणाल्या. "तेच्या समोर ऱ्हवान बोल."

त्यांचा थोरला भाऊ म्हातारपणी बहिरा झाला होता, म्हणून त्यांनी ते ओळखलं. मी समोर जाऊन उभी राहिले आणि सावकाश, तोंड नीट उघडून सगळं पुन्हा सांगितलं. त्याला कळलं, आणि त्याचं बहिरेपण मला कळलंय हेही त्याला कळलं. तो फडक्याला हात पुसत राहिला.

"सांगलंय तर लोक गाडी दुसरीकडे नेतत," तो म्हणाला.

मघाशी मी नेमकं तेच बोलले होते. त्याने ते ऐकलं नव्हतं, एवढाच काय तो दिलासा.

मग त्याने मला गाडी चालू करायला लावली; या वेळी ती थरथरत का होईना, चालू राहिली. तळवा इंजिनावर ठेवून तो एकेका प्लगची वायर जाड रबरी मुठीच्या पकडीने काढी आणि परत लावी. दरवेळी इंजिन सारखंच अडखळलं. म्हणजे प्लग चांगले आहेत, दुखणं दुसरीकडे आहे, असं त्याने मला समजावलं. आणि एकदम विचारलं, "ब्रेक हल्ली जड लागता काय?"

लागत होता. मला वाटायचं, माझाच पाय थकलाय.

तो हसला. ब्रेकला मदत करणारी एक रबरी नळी इंजिनापासून निघते. ती कुठे फाटली तर आत नको तेवढी हवा शिरते आणि गाडी थांबली की थरथरते. तो नळीवरून बोट फिरवत गेला. खालच्या बाजूला, डोळ्यांना दिसणार नाही अशा जागी, चीर होती. त्याने ती अंगठ्याने दाबून धरली आणि माझ्याकडे बघितलं. आवाज आता कसा आहे ते मी त्याला सांगायचं होतं. इंजिन संथ, एका लयीत चालायला लागलं होतं. मी हात वर केला. मागच्या खिडकीतून सासूबाईंनीही केला.

त्याच्याकडे त्या जाडीची नवी नळी होती. ती बसवून त्याने मला ब्रेक चार-पाचदा दाबून बघायला लावला, तेव्हाच बॉनेट पाडलं.

निघताना सासूबाईंनी त्याला खिडकीशी बोलावून, ओरोसला कान तपासतात, आम्ही सोमवारी तिकडेच जातोय, चल, असं सांगितलं. तो नको म्हणाला. त्यांनी त्याचा हात सोडला नाही.

सोमवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून शेडबाहेर उभा होता. पुढे कानात लावायच्या मशीनच्या मापासाठी आणि मग ते जुळवून घ्यायला आणखी तीन खेपा झाल्या. उजव्या कानाला बरंच ऐकू यायला लागलं. डाव्याचं काही होणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. शेडमध्ये परत एखाददुसरी गाडी दिसू लागली. पूर्वीसारखी रांग नाही लागली.

डायलिसिसच्या दिवशी सासूबाई एरवी जाताना एक शब्द बोलत नसत. त्या खेपांना मात्र तो पुढच्या सीटवर मागे वळून बसे आणि त्या त्याला ऐकू जावं म्हणून मोठमोठ्याने बोलत. कोणाची कलमं यंदा मोहरली नाहीत, कोणाच्या घरी गाय व्याली, बांगडा किती महागला. ओरोस आलं तरी त्यांचं संपलेलं नसे.