टँकरच्या रांगेतला टेक

"कट! साउंड ओके?"

"नाही," मी म्हणाले. हेडफोनमध्ये रेवतीचा संवाद कमी आणि टँकरचं इंजिनच जास्त येत होतं.

चिकलठाण्यात बांधकाम चालू असलेल्या एका इमारतीच्या आवारात आमचं शूटिंग चाललं होतं. दोन दिवसांत शॉर्ट फिल्म करायची स्पर्धा होती. त्यात आयोजक एक वाक्य देतात, ते फिल्ममध्ये कुणीतरी बोललंच पाहिजे. आम्हाला मिळालेलं वाक्य होतं, 'अजून किती वेळ?' फिल्म दुसऱ्या दिवशी सकाळी जमा करायची. उशीर झाला की बाद.

मी साउंड रेकॉर्डिस्ट. लांब काठीवर माईक लावून नटाच्या डोक्यावर धरायचा, पण फ्रेममध्ये दिसू द्यायचा नाही. या काठीला आम्ही बूम म्हणतो.

आमच्या कथेत नवऱ्याची वाट बघून कंटाळलेली बायको, म्हणजे रेवती, फोनवर ते वाक्य बोलते. त्यासाठी शांत दुपार हवी होती. पण वर्ष दुष्काळाचं. बोअर आटलेले, इमारती मात्र उठतच होत्या. शेजारच्या वस्तीला पाणी टँकरचंच. तो याच आवारात येऊन उभा राहिला आणि आवार हंड्यांनी भरून गेलं.

"मॅडम, बाद में डब कर लेंगे ना," दिग्दर्शक अझहर म्हणाला. म्हणजे नंतर स्टुडिओत बसून संवाद पुन्हा बोलून घ्यायचा.

"वेळ कुठाय? आणि घाईत डब केलं की आवाज ओठांवर बसत नाही."

मग तो रांगेकडं गेला. "मावशी, जरा वेळ शांत राहा ना."

मावशी म्हणजे कांताबाई. मेंढरं विकून त्याच बांधकामावर कामाला आलेल्या. "तुमचं पिक्चर थांबंल. टँकर थांबायचा नाय," त्या म्हणाल्या.

मी अझहरला बाजूला घेतलं. आवाज कुठून येतोय हे दिसलं की प्रेक्षकाला तो खटकत नाही. "टँकर फ्रेममध्ये घे. रेवतीला रांगेत उभी कर."

"स्क्रिप्ट में रांग नहीं है."

"आता आहे."

बायकांना विचारलं. "मधी घुसायचं नाय," एवढीच अट. रेवती हंडा घेऊन रांगेच्या शेवटी, कांताबाईंच्या मागं उभी राहिली. मी बूम धरली. कॅमेरा सुरू झाला. रेवती फोनवर म्हणाली, "अजून किती वेळ?"

कांताबाई गर्रकन वळल्या. "मला काय इचारती? म्होरं हंडे दिसंनात व्हय तुला?"

अझहरचा हात 'कट'साठी वर गेला. मी नको म्हणून जोरात मान हलवली. रेवती कसलेली नटी. तिनं फोन खाली घेतला आणि हळूच म्हणाली, "दिसतायत."

"मंग मागं सरक की!"

"कट," अझहर म्हणाला. "साउंड?"

"ओके."

"माझं चुकलं का?" कांताबाईंनी विचारलं.

"नाही. हे फिल्ममध्ये ठेवू का?"

"ठेवा. पन नाव लिवा माझं. नुसतं 'बाई' लिवू नका."

फिल्म वेळेत जमा झाली आणि दुसरी आली. कांताबाई कुठल्या नाटकमंडळीतल्या, असं परीक्षकांनी अझहरला विचारलं. पण त्यांच्या हंड्यांच्या वाक्यावर सभागृहात एवढा हशा उसळला की पुढचं 'मंग मागं सरक की' कुणालाच ऐकू आलं नाही. मी मात्र ते अगदी स्वच्छ रेकॉर्ड केलं होतं.

हसू येईल अशा वाक्यानंतर दोन सेकंद मोकळे सोडायचे, हे तेव्हापासून मी प्रत्येक एडिटरला सांगते.