मालकाच्या अंगणातल्या चुली

कल्याणला आमच्या चाळीत भात कांडणारी एक बाई राहायची. बोलायची मुसळ घातल्यासारखं ठासून, आणि उत्तराची वाट न बघता कामाला लागायची.

आम्ही वाढीव भाडं नाकारलं, तेव्हा मालकानं विहिरीला कुलूप घातलं. सकाळी हिनं सरळ त्याच्या अंगणात तीन दगड मांडून चूल पेटवली. मागोमाग आम्ही सगळ्या बायकांनीही पेटवल्या.

"उठा, नाहीतर शिपाई बोलावीन!" धुरानं खोकत मालक ओरडला.

"बोलवा. पानी तुमच्याकडं, तर आमी रांधनार पन इथंच."

दुपारी कुलूप निघालं. संध्याकाळी मालक स्वतः तिच्या दारात आला. हळूच म्हणाला, "बाई, भाड्याचं जरा बोलायचं होतं."

"बोला की," ती म्हणाली, "पन थांबा, सगळ्यांना बोलावते."

आम्ही सगळे जमेपर्यंत मालक दारात उभा राहिला. भाडं जुनंच ठरलं.