जावईबापू म्हटलं की मी हसायचो

अपमान होत असताना तुम्ही कधी हसला आहात का? ओठातल्या ओठात नव्हे. मोठ्यानं, अपमान करणाऱ्यांच्या सुरात सूर मिसळून?

मी हसलो आहे.

सेलूच्या एका सरकारी कचेरीत मी नुकताच कारकून म्हणून लागलो होतो. राखीव जागेवर. आमच्या वस्तीत मॅट्रिक होऊन खुर्चीवर बसलेला मी पहिलाच. धोंड्याचा महिना चालू होता. अधिक महिना, म्हणजे जावयांचा. घरोघरी जावयाला बोलावून अनारशांचं वाण देतात. हेडक्लार्कांनी दुपारी घरून डबा आणला. आत टेबलावर सगळ्यांसाठी स्टीलच्या ताटल्या मांडल्या. माझी पत्रावळ बाहेर ओसरीत, चपलांच्या शेजारी. तिच्यावर अनारसे आणि झेंडूचं एक फूल.

"या जावईबापू," हेडक्लार्क म्हणाले. "सरकारच्या जावयाला वाण नको का द्यायला?"

आतून कुणीतरी बोललं, "सासरा लय मोठा हाय बरं यांचा. दिल्लीला असतो."

कचेरी हसली. मीही हसलो. मांडी घालून बसलो आणि हसत हसत अनारसे खाल्ले. धर्मांतरानंतर माझ्या मायनं घरातले देव उचलून दुधना नदीत सोडले होते. त्या मायचा मी लेक. आणि वाण खात होतो.

त्या दिवसापासून कचेरीत माझं नाव उरलं नाही. सकाळी दारात पाय ठेवला की "या जावईबापू." फाईल हवी असली की "जावईबापू, जरा तसदी घ्या." आणि प्रत्येक वेळी मी हसायचो. जबडा दुखायचा. घास चावताना कानाखाली कळ यायची.

मग ते हसू कचेरीबाहेर यायला लागलं. बाजारात कुणी मोठ्या आवाजात बोललं तरी हसू. पोलीस दिसला तरी हसू. वालूरला माझे चुलते वारले. मयतीला उभा होतो, काकू ऊर बडवत होती, आणि माझ्या तोंडातून हसणं फुटलं. दाबायला गेलो तर आणखी मोठं झालं. माणसं माझ्याकडे बघायला लागली. कुणीतरी मला हाताला धरून बाजूला नेलं.

"याड लागलं पोराला. शिकून येडं झालं."

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मी बुद्धविहारात जाणं सोडलं. तिथे पोरांना जमवून मी पत्रकं वाचून दाखवायचो, अन्याय सहन करणारा गुन्हेगार असतो असं सांगायचो. आता कोणत्या तोंडानं सांगणार? ते तोंडच माझं राहिलं नव्हतं.

डॉक्टरकडे गेलो. म्हणालो, नको तिथे हसू येतं. ते म्हणाले, "चांगलंच आहे की. माझ्याकडे लोक रडत येतात." ताकदीचं इंजेक्शन दिलं. मी तिथेही हसलो.

एका सकाळी भाकरी थापता थापता माय म्हणाली, "लेकरा, तू झोपेत हसायलास."

"मग काय झालं?"

"तोंड रडल्यावानी व्हतं तुझं. तुझा बाप बी असाच हसायचा, पाटलाच्या दारात."

मी जेवण सोडून उठलो. बापाचं ते हसणं मला आठवत होतं. पाटील शिवी द्यायचा आणि बाप मान खाली घालून हसायचा. लहान असताना मला वाटायचं, बापाला गंमत वाटते. गंमत कसली. भ्यालेला माणूस होता तो. हसलं की समोरचा निवळतो, मारत नाही, कामावरून काढत नाही. ही भीती मी जमिनीसारखी वारसा म्हणून घेतली होती. मॅट्रिकच्या सर्टिफिकेटाखाली ती तशीच होती.

त्या दिवशी कचेरीत गेलो. "या जावईबापू."

हसू घशापर्यंत आलं. मी जीभ दाताखाली धरली. मी हसलो नाही.

"काय, रुसले का जावई?"

"माझं नाव तुम्हाला माहीत आहे. त्या नावानं हाक मारा."

"अरे, गंमत केली. इतके दिवस तर तूही हसत होतास."

खरं होतं ते. सगळे बघत होते. मी म्हणालो, "इतके दिवस मी भीत होतो."

हे बोलताना मला जेवढी लाज वाटली, तेवढी त्या पत्रावळीवर खातानाही वाटली नव्हती. भरल्या कचेरीत मी माझी भीती काढून टेबलावर ठेवली होती. पण कुणी हसलं नाही. हेडक्लार्क पानाचा डबा उघडून उगाच सुपारी कातरत बसले.

पुढच्या आठवड्यात माझं टेबल जुन्या दप्तरांच्या अंधाऱ्या खोलीत हलवलं. नावानं हाक मारायला नको म्हणून आता ते मला हाकच मारत नाहीत. चालेल. हसू अजून येतं. मी बरा झालेलो नाही, ती लाजही गेलेली नाही. पण भीती आली की मी तिला भीती म्हणतो, हसू म्हणत नाही. बापाचं ते हसणं माझ्यापाशी संपेल. माझ्या लेकराच्या तोंडावर ते जाऊ देणार नाही.

तुमच्या कचेरीत, शाळेत, कापसाच्या जिनिंगमध्ये असा एखादा असेल. त्याचं टोपणनाव घेऊन सगळे हसत असतील, आणि तोही हसत असेल. त्याच्या हसण्याला होकार समजू नका. उद्या त्याला भेटा, आणि चारचौघांत त्याच्या खऱ्या नावानं हाक मारा.